स्टाइनवे रस्ता : एका आडनावाच्या मूळ गावापर्यंत

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात ॲस्टोरिया नावाची जुनी वस्ती आहे. या वस्तीतून एक लांबलचक बाजाररस्ता जातो. कपड्यांची, चपलांची, दागिन्यांची दुकाने, खानावळी, भुयारी रेल्वेचे स्थानक असे सारे काही या रस्त्यावर आहे. त्याच्या एका टप्प्यावर इजिप्तमधून आलेल्या लोकांनी इतकी दुकाने थाटली आहेत, की त्या भागाला 'छोटे इजिप्त' म्हणूनच ओळखले जाते. तेथे पाट्या अरबी लिपीत आहेत आणि संध्याकाळी चहाच्या व हुक्क्याच्या दुकानांसमोर पदपथावर खुर्च्या मांडलेल्या दिसतात. याच रस्त्याने उत्तरेकडे चालत गेल्यास गजबज हळूहळू मागे पडते, विटांची जुनी घरे लागतात आणि नदीच्या बाजूला पियानो तयार करणारा एक जुना कारखाना येतो. रस्त्याचे नाव स्टाइनवे स्ट्रीट, आणि कारखानाही स्टाइनवे यांचाच.

हे नाव कानाला इंग्रजी वाटते. 'वे' म्हणजे इंग्रजीत वाट. रस्त्याच्या पाटीवर असा शब्द दिसला तर कोणालाही नवल वाटू नये. परंतु हे रस्त्याचे वर्णन नव्हे, एका कुटुंबाचे आडनाव आहे. शिवाय ते इंग्रजी नाही, निदान पूर्णपणे इंग्रजी नाही. या आडनावाचा माग काढू पाहणाऱ्याला अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो, एका नाहीशा झालेल्या संस्थानात शिरावे लागते आणि 'मूळ देश कोणता' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबावे लागते. देशोदेशी पेढ्या असलेल्या आणि मुले परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या समाजाला या शोधातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अर्धे नाव भाषांतरित

या घराण्याचे जुने आडनाव श्टाइनवेग. जर्मन भाषेत 'श्टाइन' म्हणजे दगड आणि 'वेग' म्हणजे वाट. दगडी फरसबंदीच्या वाटेशेजारी राहणारे ते श्टाइनवेग, असा या नावाचा सरळ अर्थ. आपल्याकडे गावावरून, वाड्यावरून, व्यवसायावरून आडनावे पडली, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत या नावाचे जे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. संपूर्ण भाषांतर केले असते तर काहीतरी 'स्टोनवे' असे झाले असते आणि मूळ जर्मन नावाचा मागमूसही उरला नसता. नाव मुळीच बदलले नसते, तर इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ते परके वाटत राहिले असते. या कुटुंबाने मधला मार्ग पत्करला. पहिला भाग लिहिण्यात तसाच ठेवला, फक्त त्याचा उच्चार 'श्टाइन'चा 'स्टाइन' झाला. दुसऱ्या भागातील 'वेग'चा मात्र 'वे' केला. जर्मन आणि इंग्रजी या एकाच कुळातील भाषा असल्यामुळे हा सांधा बेमालूम बसला. शोधकाच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट, कारण नावाचा अर्धा भाग आजही आपले मूळ सांगतो आहे.

सर्वच आडनावांच्या नशिबी असे भाग्य नसते. अमेरिकेत 'मिलर' हे आडनाव धारण करणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांतील काहींचे पूर्वज जर्मन 'म्युलर' असतील, काहींचे हंगेरियन 'मोल्नार', तर काहींचे इटालियन 'मोलिनारी'. दळणाची चक्की चालवणारा प्रत्येक देशात होता आणि प्रत्येक भाषेत त्याच्यासाठी शब्द होता. अमेरिकेत आल्यावर हे सगळे एकाच 'मिलर'मध्ये मिसळून जाऊ शकले. 'स्मिथ'ची गोष्ट तीच. जर्मन 'श्मिट', हंगेरियन 'कोवाच', पोलंडचा 'कोवाल्स्की' आणि सीरिया-लेबनॉनचा 'हद्दाद' ही सारी नावे लोहाराच्या भात्यापाशी येऊन मिळतात. 'जॉन्सन'च्या मागे स्वीडनचा 'युहानसोन' असू शकतो किंवा नॉर्वे-डेन्मार्कचा 'युहानसेन'. कॅनडातून आलेला फ्रेंच 'रुआ' अमेरिकेत 'किंग' झाला, आणि जर्मन 'क्योनिग'ही 'किंग'च झाला.

म्हणून वंशशोधनाच्या कामातील पहिला नियम असा, की केवळ आडनावावरून देश ठरवू नये. हा धोका आपल्याला अपरिचित नाही. 'शहा' हे आडनाव पाहून एखादा परदेशी अधिकारी ते इराणच्या बादशहाशी जोडील. आपल्यात मात्र ते साहू, शाह अशा वाटेने आलेले सावकारीचे, प्रतिष्ठेचे नाव मानले जाते. उलट 'झवेरी' हे देवनागरीत एकच दिसणारे आडनाव रोमन लिपीत कोणी 'झेड'ने लिहितो, कोणी 'जे'ने, कोणी त्यात 'एच' घालतो. मुंबईच्या बाजारात ही एकच ओळख आहे, हे पोरसुद्धा सांगेल. न्यूयॉर्कच्या दफ्तरात मात्र ती तीन निरनिराळी घराणी ठरतात.

बंदरावर नावे बदलली गेली काय?

अमेरिकेतील अनेक कुटुंबांत एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमचे खापरपणजोबा एलिस बेटावर उतरले, तेथील कारकुनाला त्यांचे नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने आपल्या मनाने सोपे इंग्रजी नाव लिहून टाकले, अशी ती आठवण. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ती आणखी पक्की केली.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरचे आगमन केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले आणि १९५४ मध्ये बंद झाले. या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसे तेथून अमेरिकेत शिरली. परंतु तेथील निरीक्षक नावे नव्याने लिहून घेत नसत. जहाज कंपनीने प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरावरच तयार केलेली असे. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, लिव्हरपूल, नेपल्स अशा बंदरांतील कारकून ती लिहीत. एलिस बेटावरील निरीक्षक तीच यादी पुढे ठेवून, प्रवाशाला प्रश्न विचारून, लिहिलेली माहिती ताडून पाहत. त्यांच्या मदतीला निरनिराळ्या भाषांचे दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया हे तरुणपणी तेथेच दुभाष्याचे काम करीत.

मग नावे बदलली कोणी? बहुतेक वेळा ती ज्याची त्यानेच बदलली. काहींची शाळेत बदलली, काहींची कारखान्याच्या हजेरीपटावर, काहींची दुकानाच्या पाटीवर, तर काहींची नागरिकत्वाच्या अर्जावर. अनेकांनी ती एका दिवसात नव्हे, तर दहा-वीस वर्षांत थोडी थोडी बदलली. एकाच घरातील थोरल्या भावाने जुने नाव ठेवले आणि धाकट्याने नवे घेतले, असेही घडले. कारकुनाच्या चुकीची गोष्ट सोयीची आहे, कारण तिच्यात कोणाला जबाबदार धरावे लागत नाही. प्रत्यक्षात हा बहुतेक वेळा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, आणि त्यामागे रोजगार होता, धंदा होता, मुलांचे भवितव्य होते.

स्टाइनवे कुटुंबापुरते बोलायचे तर एलिस बेटाचा प्रश्नच उद्भवत नाही. ते त्याच्या चाळीस-बेचाळीस वर्षे आधी आले. एलिस बेटापूर्वीचे 'कॅसल गार्डन' हे केंद्रही १८५५ मध्ये उघडले. श्टाइनवेग कुटुंब हॅम्बुर्गहून 'हेलेन स्लोमन' या वाफेच्या जहाजाने निघाले आणि २९ जून १८५० रोजी न्यूयॉर्कला उतरले. त्या वेळी अशी केंद्रे नव्हती. जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी जकात खात्याला द्यायची, एवढीच पद्धत होती.

पेढीचे नाव आधी, घराण्याचे नंतर

कुटुंबप्रमुख हाइनरिश एंगेलहार्ड श्टाइनवेग यांचा जन्म १७९७ मध्ये हार्ट्‌स डोंगररांगेतील वोल्फ्सहागेन या खेड्यात झाला. पुढे ते जवळच्याच सेसेन गावी स्थायिक झाले. ते लाकूडकामात निष्णात होते आणि वाद्ये बनवण्याची त्यांना ओढ होती. १८३६ मध्ये त्यांनी सेसेनमधील आपल्या घराच्या स्वयंपाकघरात एक मोठा पियानो तयार केला. त्यानंतर त्यांनी आणखी कित्येक वाद्ये विकली. परंतु १८४८ ची राजकीय धामधूम आणि मंदावलेला धंदा यांमुळे घरात अमेरिकेचा विचार सुरू झाला. मुलगा कार्ल आधी पुढे गेला, अंदाज घेतला आणि घरी पत्रे लिहिली. मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हाइनरिश यांनी पत्नी व बहुतेक मुलांसह देश सोडला. थोरला मुलगा थिओडोर मात्र मागे राहिला.

एकाने पुढे जाऊन पाय रोवायचे, मग बाकीच्यांना बोलवायचे आणि एकाने मूळ दुकान सांभाळायचे, ही रीत मारवाड किंवा गुजरातमधून पुणे, अहमदनगर, सोलापूर, जालना येथे आलेल्या घराण्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये पहिली काही वर्षे बापलेकांनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत मजुरी केली, बाजार समजून घेतला. ५ मार्च १८५३ रोजी त्यांनी स्वतःची पेढी काढली. तिचे नाव ठेवले 'स्टाइनवे अँड सन्स'. हाइनरिशचे हेन्री, कार्लचे चार्ल्स, विल्हेल्मचे विल्यम अशी पाळण्यातली नावेही बदलली. त्या काळी इंग्रजी बनावटीच्या पियानोंना मान होता आणि त्यामुळे इंग्रजी वळणाचे नाव धंद्याला उपकारक ठरेल, असा हिशेब त्यामागे असल्याचे मानले जाते.

येथे एक बारकावा आहे. पेढीचे नाव १८५३ मध्ये स्टाइनवे झाले, परंतु घराण्याचे आडनाव रीतसर बदलले ते १८६४ मध्ये. मधली अकरा वर्षे दुकानाच्या पाटीवर एक नाव होते आणि माणसांच्या नावापुढे कायद्याने दुसरे. जो शोधक या काळातील कागद केवळ 'स्टाइनवे' या अक्षरांनी धुंडाळील, त्याच्या हाती अपुरेच लागेल. त्याने दोन्ही नावे बरोबर घेऊन फिरले पाहिजे.

मूळ देश कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे यावे. या कुटुंबाचा मूळ देश कोणता? सहज उत्तर येते, जर्मनी. पण १८५० मध्ये जर्मनी नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते. जर्मन बोलणारे लोक होते आणि त्यांची लहानमोठी राज्ये, संस्थाने होती. वोल्फ्सहागेन आणि सेसेन ही दोन्ही गावे ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या अमलाखाली होती. हाइनरिश पोरसवदा असताना नेपोलियनने हा सारा मुलूख घेऊन आपल्या भावासाठी वेस्टफालियाचे राज्य उभे केले होते. ते १८१३ मध्ये कोसळले आणि ड्यूकची सत्ता परत आली. म्हणजे माणूस जागचा हलला नाही, तरी त्याचे राज्य दोनदा बदलले.

जर्मन साम्राज्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ रोजी झाली. हेन्री स्टाइनवे ७ फेब्रुवारी १८७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या जवळजवळ चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात 'जर्मनी' हे एकसंध राष्ट्र अवघे वीस दिवस अस्तित्वात होते, आणि तेही समुद्रापलीकडे.

म्हणून कागदपत्रांत मूळ देश शोधताना तो कागद कोणत्या वर्षीचा आहे, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेच्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आणि जन्मस्थान लिहिण्याची पद्धत १८५० पासून सुरू झाली. त्या जनगणनेची नेमलेली तारीख होती १ जून. श्टाइनवेग कुटुंब आले २९ जूनला. नियमाने पाहता त्यात ते सापडू नये. पुढची केंद्रीय जनगणना १८६० ची. त्या वेळी गणना करणाऱ्यांना सूचना होती, की कोणी जर्मन मुलखातून आलेला असेल तर नुसते 'जर्मनी' असे न लिहिता प्रशिया, बव्हेरिया, बाडेन असे नेमके राज्य लिहावे. १८७१ नंतर मात्र हीच माणसे आपले मूळ 'जर्मनी' असे सांगू लागली. एकाच माणसाच्या दोन नोंदींत दोन देश दिसले, तर ती दोन माणसे आहेत असे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक अडचण अशी, की माणसांच्या नावांप्रमाणे मुलखांची नावेही इंग्रजीत बदलतात. ब्राउनश्वाइगला इंग्रज 'ब्रन्सविक' म्हणतात. अमेरिकेत आणि कॅनडात ब्रन्सविक नावाची गावे व प्रांतही आहेत. कागदावर 'ब्रन्सविक' वाचून कोणी अमेरिकेतल्याच एखाद्या गावी शोध घेऊ लागला, तर तो फुकट फिरेल.

नागरिकत्वाचा कागद या बाबतीत अधिक विश्वासाचा साक्षीदार असतो. त्या काळी अमेरिकेचे नागरिक होऊ इच्छिणाऱ्याला आपल्या पूर्वीच्या राजावरील निष्ठा शपथेवर सोडावी लागे. प्रशियाचा राजा की ऑस्ट्रियाचा सम्राट की ब्राउनश्वाइगचा ड्यूक, हे त्या शपथेवरून कळते. ज्या राजाला नाकारले, त्याच्याच नावावरून पुढे नातवंडांना आपले मूळ सापडते.

त्यानंतर यादी लागते ती निघण्याच्या बंदराची. हॅम्बुर्ग बंदरातून गेलेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या आजही तेथील दफ्तरखान्यात आहेत, आणि अनेकांचे गाव त्यांतून कळते. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र बहुतांश नष्ट झाल्या. एकाच गावातील दोन भावांपैकी एक हॅम्बुर्गहून निघाला आणि दुसरा ब्रेमेनहून, एवढ्या फरकावर वंशजांचा शोध लागणे किंवा न लागणे अवलंबून असते. शेवटी गाव हाती आले, की तेथील चर्चच्या नोंदवह्या. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद धर्मगुरू करीत आणि त्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जात. सरकारे गेली, राज्ये गेली, वह्या मात्र राहिल्या.

दोन भाऊ, दोन नावे

मागे राहिलेल्या थिओडोरची गोष्ट व्यापारी माणसाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. त्याने वडिलांचा जर्मनीतील धंदा श्टाइनवेग या जुन्या नावानेच चालू ठेवला आणि तो सेसेनहून वोल्फेनब्युटेलला व पुढे ब्राउनश्वाइग शहरात नेला. फ्रीडरिश ग्रोट्रियान हा त्याचा भागीदार झाला. १८६५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पेढीवर घाला आला. चार्ल्स आणि हेन्री हे दोन कर्ते मुलगे एकाच महिन्यात मरण पावले. वृद्ध वडिलांना आणि धाकट्या भावांना आधाराची गरज होती. थिओडोरने ब्राउनश्वाइगचा धंदा ग्रोट्रियानचा मुलगा आणि त्याचे दोन सहकारी यांना विकला आणि तो न्यूयॉर्कला गेला. धंदा घेणाऱ्यांना 'थिओडोर श्टाइनवेग यांचे उत्तराधिकारी' असे म्हणवून घेण्याची मुभा मिळाली.

पुढे झाले ते असे. रक्ताचे श्टाइनवेग अमेरिकेत स्टाइनवे झाले. जर्मनीत श्टाइनवेग हे नाव उरले ते ज्यांचे रक्ताचे नाते नव्हते अशांच्या पाटीवर. १९१९ मध्ये ग्रोट्रियान कुटुंबाने आपले आडनावच 'ग्रोट्रियान-श्टाइनवेग' असे करून घेतले. इकडे स्टाइनवे यांनी १८८० मध्ये हॅम्बुर्गला कारखाना काढला. ज्या बंदरातून श्टाइनवेग म्हणून निघाले होते, त्याच बंदरात ते स्टाइनवे या इंग्रजी नावाने परतले. हॅम्बुर्गचा तो कारखाना आजही चालू आहे. थिओडोरही शेवटी ब्राउनश्वाइगला परतला आणि १८८९ मध्ये तेथेच वारला.

दोन्ही पेढ्या उत्तम पियानो बनवीत होत्या आणि दोन्ही नावे कानाला जवळजवळ सारखी होती. हा तंटा अखेर अमेरिकेच्या न्यायालयात गेला. १९७५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने निकाल स्टाइनवे यांच्या बाजूने कायम केला, आणि ग्रोट्रियानच्या पेढीला 'श्टाइनवेग' हे नाव पुढे करून अमेरिकेत पियानो विकता येईनासे झाले. गिऱ्हाइकाची फसगत होण्याचा संभव हा त्यातील मुख्य मुद्दा होता. विचार केला तर नवल वाटते. मूळ नाव हे बदललेल्या नावाची नक्कल ठरले, कारण बदललेल्या नावामागे सव्वाशे वर्षांची पत उभी होती.

ज्यांच्या घरात भावाभावांत पेढ्या वाटल्या गेल्या, त्यांना या प्रसंगातला पेच नीट कळेल. जागा वाटता येते, माल वाटता येतो, उधारीची वहीसुद्धा वाटता येते. वडिलांच्या नावाची वाटणी कशी करायची, हे मात्र वेळीच लिहून ठेवावे लागते. थिओडोरने एका ओळीची परवानगी दिली, आणि तिचा हिशेब शंभर वर्षांनंतर परक्या देशातील न्यायाधीशांना करावा लागला.

भुयारातील नाव

हेन्रीचा मुलगा विल्यम याने १८७० पासून ॲस्टोरियाच्या उत्तर भागात सुमारे चारशे एकर जमीन घेतली. मॅनहॅटनची दाटी आणि कामगारांचे संप यांपासून दूर, नदीकाठी, लाकूड पाण्यातून थेट आणता येईल अशा ठिकाणी त्याला कारखाना हवा होता. तेथे त्याने लाकूड कापण्याची गिरणी, ओतशाळा, कामगारांसाठी विटांची घरे, शाळा आणि वाचनालय उभे केले. या वस्तीला 'स्टाइनवे व्हिलेज' म्हणत. घराण्याने धंद्यासाठी इंग्रजी नाव घेतले खरे, पण शाळेत मुलांना जर्मन शिकवण्याची सोयही विल्यमनेच केली. जन्मगाव सेसेनलाही तो विसरला नाही. आज त्या गावात स्टाइनवे यांच्या नावाचे उद्यान आहे. म्हणजे मूळ गावीसुद्धा पाटीवर नाव आहे ते नवेच.

ज्या ॲस्टोरियात हे सारे उभे राहिले, तिचे नावही एका स्थलांतरिताचेच. जॉन जेकब ॲस्टर हा फरच्या व्यापारातून गडगंज झालेला व्यापारी जर्मन मुलखातील वालडोर्फ गावचा. त्याने गावात पैसा गुंतवावा, या आशेने रहिवाशांनी गावाला त्याचे नाव दिले.

क्वीन्स आणि मॅनहॅटन यांना नदीखालून जोडणाऱ्या भुयाराच्या कामाला विल्यमने पुढाकार दिला. १८९२ मध्ये खोदकाम सुरू झाले, पण त्याच वर्षी स्फोट होऊन माणसे दगावली आणि काम थांबले. विल्यम १८९६ मध्ये वारला. भुयार इतरांनी पुरे केले आणि १९१५ पासून त्यातून भुयारी रेल्वे धावू लागली. आज ती 'सात क्रमांकाची' गाडी म्हणून ओळखली जाते आणि त्या बोगद्याला अजूनही स्टाइनवे बोगदाच म्हणतात.

याच गाडीच्या मार्गावर क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्स हे भारतीय दुकानांनी भरलेले ठिकाण लागते आणि त्याला लागून एल्महर्स्ट. एल्महर्स्टमधील जैन सेंटर ऑफ अमेरिकाच्या मंदिरात श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा निरनिराळ्या परंपरांना एकाच छताखाली जागा मिळाली आहे. मॅनहॅटनच्या सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर हिऱ्यांचा बाजार आहे, आणि त्या बाजारात आपल्या समाजाच्या पेढ्या आहेत. सकाळी पूजा आटोपून क्वीन्समधून हिरेबाजाराकडे निघालेला व्यापारी सात क्रमांकाच्या गाडीत बसतो, नदीखालच्या स्टाइनवे बोगद्यातून पलीकडे जातो, बेचाळिसाव्या रस्त्यावर उतरतो आणि पाच चौक चालून आपल्या पेढीत पोहोचतो. ज्या माणसाने आडनावातील दोन अक्षरे बदलून परक्या बाजारात पाय रोवले, त्याच्या मुलाच्या नावाखालून दुसऱ्या खंडातील व्यापारी रोज ये-जा करतो.

वही कोणाकडे आहे?

स्टाइनवे घराण्याचा माग लागला, याचे कारण ते धनवान होते एवढेच नव्हे. विल्यमने १८६१ पासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेली आहे. घरातील आजारपण, भाव, संप, मुलांची लग्ने, भावांचे मृत्यू असे सारे तिच्यात आहे. ज्यांनी असे काही लिहून ठेवले नाही, अशा लाखो कुटुंबांची नातवंडे आज 'मिलर' आणि 'स्मिथ' या नावांच्या बंद दारासमोर उभी आहेत.

आपल्या समाजाला हे दार फार काळ उघडे राहिले, ते वह्यांमुळे. ओसवालांना ओसियाँ ठाऊक आहे, तेथील महावीर मंदिर आणि सच्चियाय माता ठाऊक आहे. खंडेलवालांना खंडेला माहीत आहे. गाव सुटले तरी गोत्र सुटले नाही, कारण लग्नाच्या बोलणीत ते विचारले जात होते. भाट आणि वहीवंचे घरी येत, नव्या जन्माची नोंद करीत आणि सात पिढ्या वाचून दाखवीत. ही व्यवस्था आता विरळ झाली आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या कागदांवर आडनावाचे रोमन स्पेलिंग आहे, जन्मस्थान म्हणून एखादे अमेरिकन किंवा बेल्जियन शहर आहे. गोत्र विचारणारा रकाना कोणत्याही देशाच्या अर्जात नाही.

नाव बदलण्यात गैर काही नाही. व्यापारासाठी, उच्चाराच्या सोयीसाठी, मुलाला शाळेत कोणी हसू नये म्हणून माणसे नाव बदलतात आणि बदलत राहतील. हाइनरिश श्टाइनवेग यांनी तेच केले आणि त्यांची पेढी आज पावणेदोनशे वर्षांच्या घरात आहे. नाव बदलल्याने कुटुंब तुटत नाही. ते का आणि केव्हा बदलले, हे ठाऊक असणारा शेवटचा माणूस गेला आणि त्याने कोठेच लिहून ठेवले नाही, तर मात्र तुटते.

म्हणून ज्या घरातील माणसे परदेशी आहेत, त्या घरात एका वहीचे एक पान यासाठी राखून ठेवावे. त्यावर आडनाव देवनागरीत लिहावे, आणि परदेशी कागदांवर ते ज्या ज्या स्पेलिंगने लिहिले जाते ती सर्व रूपे खाली टिपावीत. गोत्र, कुलदेवी, मूळ गाव, त्या गावाचा जुना व आजचा जिल्हा, घराणे तेथून कोठे आणि कोणत्या साली आले, पुढे कोण कोणत्या देशी गेले, हे लिहावे. पेढीचे नाव आणि घराण्याचे नाव वेगळे असेल तर तेही लिहावे. दिवाळीला वहीपूजन होतेच. त्या दिवशी हे पान उघडून वर्षभरातील नवे जन्म, नवी लग्ने आणि नवे पत्ते त्यात भरावेत, आणि त्याची एक प्रत परदेशातील मुलांकडे पाठवावी. ओळी दहा-बाराच होतील, पण पुढच्या पिढीला शंभर वर्षांनंतर आपले गाव शोधायला जहाजांच्या याद्या चाळाव्या लागणार नाहीत.